वर लिहिलेला जवाब

मधुकररावांनी मार्तंडाच्या मुस्काटात दिली ती एका वहीवरून. बाई नाही, बांध नाही, घराची वाटणी नाही, वही! भूमापन कचेरीत हेडक्लार्क असलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस भर वाचनालयात, मारुतीच्या तसबिरीसमोर, दुसऱ्या कारकुनाच्या थोबाडीत मारतो म्हणजे डोकं ठिकाणावर नव्हतं हे उघड आहे. मार्तंड तरी कुठला गप बसणारा. त्याने टेबलावरचा रूळ उचलला आणि मधुकररावांच्या भुवईवर हाणला. तीन टाके पडले. रक्त धोतरावर, चपलांवर आणि त्या मेल्या वहीवरही सांडलं.

गोष्ट एकाहत्तर सालची. जुन्या भंडारा रोडच्या आत टेकाडपुरा म्हणून मोहल्ला, त्यात पुढच्या बाजूला वाचनालयाची खोली आणि मागे आखाडा. आखाड्याचे उस्ताद चंपतराव. मुद्गल फिरवायला लागले की दहा पावलं लांब उभं राहावं लागे, पण अक्षराशी त्यांचं सात जन्मांचं वैर. निम्म्या पहिलवानांचंही तेच. कोणी आरा मशीनवर लाकडं ओढणारा, कोणी संत्रा मार्केटात पेट्या उचलणारा. म्हणून मधुकररावांनी चर्चावही काढली होती. आठवडाभर ज्याला जे म्हणायचं ते त्याने वहीत लिहावं, ज्याला येत नाही त्याने दुसऱ्याकडून लिहवून घ्यावं, आणि रविवारी सकाळी जोर-बैठका झाल्या की मधुकररावांनी सगळं मोठ्याने वाचून दाखवावं. म्हणून आखाड्यातले त्यांना मास्तर म्हणत. वाचन चालू असताना मधे कोणी बोलायचं नाही हा नेम. मोहल्ल्यातली अर्धी भांडणं त्या वहीने मिटवली होती, हे कबूल केलं पाहिजे.

जवाब कसा लिहायचा याचाही मधुकररावांनी कायदा केला होता. दुसऱ्याने लिहिलं त्याच्या खालीच लिहायचं. त्याचं जे वाक्य आपल्याला खटकलं ते आधी जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, मग आपलं म्हणणं, मग सही. कचेरीतल्या टिपणीसारखं सगळं वरून खाली वाहत आलं पाहिजे. "आधी दुसऱ्याचं ऐका, मग आपलं तोंड उघडा," असं ते म्हणत. घरी यमुताई म्हणत, "वहीत ऐकता तेवढं माझं ऐकलं असतं तर संसार सोन्याचा झाला असता." पण ते असो.

मार्तंड आला आणि त्याने हे पाणी उलटं वाहवलं. तो सीताबर्डीवरच्या एका कापसाच्या कंपनीत पत्रव्यवहार सांभाळायचा. तिथे नवा कागद फायलीत सगळ्यात वर लागतो, कारण साहेबाला आधी ताजं दिसलं पाहिजे. तो आपला जवाब चिठ्ठीवर लिहायचा आणि खळ लावून पानाच्या डोक्यावर चिकटवायचा. वर त्याचा जवाब, खाली ज्याला दिला त्याचं म्हणणं. मधुकररावांनी समजावलं, दटावलं, चिठ्ठ्या काढून खाली चिकटवल्या. मार्तंडाने त्या पुन्हा वर नेल्या.

"लोकांना निकाल हवा असतो, मधुकरराव," तो म्हणाला. "जुनं पुराण ज्याला हवं तो खाली वाचेल."

"निकाल आधी आणि फिर्याद मागून, हे कुठल्या कोर्टात?"

"तुमचं कोर्ट नाही हे. तुम्ही नुसते वाचणारे."

झालं. नुसते वाचणारे म्हटल्यावर हात उठला.

गंमत अशी, की या दोघांच्या मारामारीने आखाड्यात दोन तट पडले. वरचे आणि खालचे. ज्यांना 'अ' की 'ढ' ठाऊक नाही, ज्यांनी जन्मात वही हातात धरली नाही, ते एकमेकांच्या उरावर बसले. एकाचं नाक मोडलं, दुसऱ्याच्या कानाची पाळी दातांनी फाटली. विचारलं, काहून गा भांडता, तर म्हणे, हा वरचा हाय.

शेवटी चंपतरावांनी दोघांनाही समोर उभं केलं.

"ज्याले जिथं लिहायचं तिथं लिहू द्या. पण मास्तर, वाचताना जसं लिहिलं तसं वाचायचं. वरून खाली. तुमच्या मनचं काही घालायचं नाही."

मधुकररावांना हा निवाडा झोंबला. पण कारकुनाची जात, नियमातूनच वाट काढणार. जसं लिहिलं तसं वाचायचं ना? ठीक आहे. पुढच्या रविवारी त्यांनी मार्तंडाची चिठ्ठी आधी वाचली, "हे साफ चूक आहे, असा खर्च करू नये," आणि थांबले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसत बसले. लोक एकमेकांकडे पाहू लागले. कसला खर्च? कोणाची चूक? मागून कोणीतरी म्हणालं, "मार्तंडभाऊ झोपेत बरळून राहिले का?" आणि खोलीभर हशा पिकला. मार्तंडाचे कान लाल झाले. मग मधुकररावांनी सावकाश चष्मा लावला आणि खालचं वाचलं. ओळीने तीन रविवार हाच खेळ झाला. मधुकररावांना भुवईच्या टाक्यांचं दुखणं विसरायला झालं. मार्तंडही हट्टाने चिठ्ठ्या वरच चिकटवत राहिला.

चौथ्या आठवड्यात आखाड्यात काच निघाली.

नागपंचमीच्या कुस्त्यांच्या दंगलीसाठी नदीकाठची नवी माती आणली होती. नवी माती आली की ती चाळून घ्यायची, मग तिच्यात ताक, हळद, तेल घालायचं. पाळी लावलेली असे. त्या बुधवारी ज्याची पाळी होती त्याने माती चाळली नाही. गुरुवारी पहाटे चंपतरावांचा एकुलता एक मुलगा गिरिधर, बावीस वर्षांचा, दंगलीत ज्याच्यावर सगळ्या मोहल्ल्याची आशा, तो तोंडावर पालथा पडला आणि फुटक्या बाटलीचा तुकडा त्याच्या उजव्या डोळ्यात गेला. त्याची किंकाळी पार रोडपर्यंत ऐकू गेली. चंपतरावांनी त्याला खांद्यावर टाकून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळा काढला. दुसऱ्याची खात्री देता येत नाही म्हणाले, दोन्हीवर पट्टी बांधली, आणि तापाने गिरिधर ग्लानीत गेला.

परत आल्यावर चंपतरावांनी आखाड्यातल्या मारुतीपुढचा मुद्गल उचलला आणि आधी चाळणी फोडली, मग पाण्याचा रांजण, मग दाराची चौकट. पाळी लावायचं काम गिरिधरचं. बुधवारी कोणाची होती हे त्यालाच ठाऊक, आणि तो बोलण्याच्या स्थितीत नव्हता. चंपतरावांनी एकेकाला पुढे ओढलं. पहिल्याने "मी नाही, उस्ताद" म्हणायच्या आत त्याचा दात पडला. दुसऱ्याची बरगडी गेली. तिसऱ्याला त्यांनी केसांना धरून त्याच मातीत तोंड घासायला लावलं. मग मारुतीच्या शेंदरात हात बुडवून शपथ घेतली.

"ज्याची पाळी होती तो सापडला की याच मुद्गलानं त्याचे दोन्ही हात फोडीन. मंग मले फाशी झाली तरी चालते."

कोणाला खोटं वाटलं नाही.

शुक्रवारी कचेरी सुटायच्या वेळी रुपराव भोयर मधुकररावांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हा कुहीकडचा, धानाच्या बांधीतून उठून नागपुरात आलेला, आरा मशीनवर कामाला. अंगाने रेड्यासारखा आणि स्वभावाने गाय. दोन हिवाळे मधुकररावांनी त्याला अक्षरं शिकवली होती, पाटीवर त्याचा भला मोठा हात धरून.

"मास्तर, पाळी माझी होती."

मधुकररावांनी त्याला व्हरांड्यात नेलं.

हकीकत साधी होती. मनकर्णा, रुपरावची बायको, बाळंतपणाला कुहीला माहेरी गेली होती. बुधवारी संध्याकाळी निरोप आला की बाळंतपण अडलं, ताबडतोब ये. रुपराव चाळणी हातात घेऊन उभा होता. गिरिधरनेच ती त्याच्या हातातून काढून घेतली. म्हणाला, तू जा गा, मोटार सुटंल, मी चाळून घेतो. रुपराव पळाला. पोरगी झाली, मायलेकी वाचल्या. परत येतो तर हे असं. गिरिधर चाळायचं विसरला, की त्याला कंटाळा आला, की उद्या बघू म्हणाला, देव जाणे.

"मग हे उस्तादांना सांग की."

"कसं सांगू? त्यांच्यासमोर तोंड उघडलं का पहिलं वाक्य संपेस्तोवर ते मारते. पाळी माझी होती, एवढंच ऐकतीन. पुढचं कोण ऐकते?" रुपरावने वहीकडे बोट करावं तसा हवेत हात केला. "वहीत लिहितो, मास्तर. वहीतलं ते पुरं ऐकते. मधी कोणी बोलत नाही. तुम्ही वाचान न?"

"पळून का जात नाहीस चार दिवस? गिरिधर शुद्धीवर आला की तो सांगेल."

"पळालो तर मीच काच टाकली असं होते."

बरोबर होतं. मधुकररावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लिही. मी पूर्ण वाचीन." त्या संध्याकाळी रुपराव वाचनालयात बसला आणि दीड तास लिहीत राहिला. आयुष्यात त्याने स्वतःच्या मनाचं पहिल्यांदाच काही लिहिलं होतं. मधुकररावांनी एक कानामात्राही सुधारला नाही. वाचून त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी खोकला काढून लपवलं.

रविवारी खोली खच्चून भरली. खिडक्यांत माणसं, दारात माणसं. चंपतराव मारुतीच्या तसबिरीखाली मांडी घालून बसले होते, मुद्गल आडवा मांडीवर. तीन रात्री झोप नव्हती, डोळे कुंकवासारखे. रुपराव दुसऱ्या रांगेत, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला होता. मार्तंड भिंतीला टेकून उभा होता.

मधुकररावांनी वही उघडली, आणि रुपरावच्या पानाच्या डोक्यावर त्यांना खळीने चिकटवलेली चिठ्ठी दिसली.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथेही? या पोराच्या पहिल्यावहिल्या लिखाणाच्या डोक्यावरही याने आपलं घोडं दामटावं? चिठ्ठीत काय आहे हे त्यांनी धड वाचलंही नाही, नुसती ती कुठे चिकटवली आहे एवढंच पाहिलं. एक क्षण त्यांच्या मनात आलं, चिठ्ठी फाडावी आणि खालचं वाचावं. फाडायची तरी काय गरज, नुसतं बोट खाली सरकवलं असतं तरी पुरे होतं. पण डोक्यात दुसरंच शिजलं. आज सगळा मोहल्ला जमलाय. आज याची अशी फजिती होऊ दे की जन्मात पुन्हा वर लिहिणार नाही. जसं लिहिलं तसं वाचायचं ना?

त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"रुपराव भोयर यांनी कबूल केले हे चांगले झाले. पाळी त्यांचीच होती आणि माती त्यांनी चाळली नाही."

आणि ते थांबले. चष्मा काढला. धोतराचा सोगा धरला आणि काच पुसू लागले. मार्तंडाकडे पाहिलं. आता कोणीतरी विचारेल, कसलं कबूल, कुठे कबूल, हा कशाला जवाब देऊन राहिला? मग हसतील. मग सांगू, की पहा, म्हणून आधी खालचं लागतं.

कोणी हसलं नाही. चष्म्याशिवाय मधुकररावांना समोरचं धूसर दिसत होतं, पण चंपतराव उठलेले दिसले.

"मास्तर, खालचं," रुपराव म्हणाला. तो पळाला नाही. वहीकडे हात करून बसल्या जागी गुडघ्यांवर आला. "खालचं वाचा न, मास्तर."

पहिला घाव त्याच पुढे केलेल्या हातावर पडला. मनगटाचं हाड वाळकी फांदी मोडावी तसं मोडलं. दुसरा खांद्यावर. "थांबा, पुरं झालं नाही," मधुकरराव ओरडले, चष्मा हातातून पडला, तो कोणाच्या तरी पायाखाली गेला. आता वही हातात असून त्यांना एक अक्षर दिसत नव्हतं. लोकांनी रुपरावला धरला तो सोडवायला नव्हे. ज्याचा दात पडला होता तो, ज्याची बरगडी गेली होती त्याचे भाऊ, सगळे तुटून पडले. चार दिवस याच्यापायी आपण मार खाल्ला, ही भडास. लाथा, बुक्के, वाचनालयाचं बाक, आणि त्या सगळ्यांवरून मुद्गल वर जायचा आणि खाली यायचा. एकच माणूस आड आला, तो मार्तंड. तो रुपरावच्या अंगावर पालथा पडला आणि ओरडत राहिला की चिठ्ठी पूर्ण वाचा, मी माफी लिहिली आहे. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं आणि त्याला तंगडीला धरून बाजूला ओढला. पुढचा मुद्गल रुपरावच्या डोक्यात बसला. तो हातांसाठी उचलला होता, असं चंपतराव नंतर कोर्टात म्हणाले, आणि ते खरं असावं.

मग सगळं थांबलं. धापा ऐकू येत होत्या. जमिनीवर रुपरावचा पाय अधूनमधून हलत होता.

चंपतराव घाम पुसत म्हणाले, "मास्तर, आणखी काही लिहिलं हाय का?"

कोणीतरी चष्मा उचलून दिला. एक काच गेली होती. मधुकररावांनी उरलेल्या एका काचेतून चिठ्ठीचा पुढचा भाग वाचला. "मात्र खालील हकीकत पाहता यात त्यांचा दोष नाही. उस्तादांनी त्यांना क्षमा करावी. मार्तंड." मग त्यांनी खालचं वाचलं. "मी रुपराव. बुदवारची पाळी माझी होती. मनकरणाचं बाळतपन आडलं मनून मी कुहीले गेलो. गिरीधरभाऊ मनले तू जा मी चाळून घेतो. मी हो मनलो. मी थांबाले पाहिजे होतं. गिरीधरभाऊचा डोळा गेला, माझा येक घ्या. उस्ताद मला मारा पन आधी आईका." मधुकरराव कसे वाचत होते हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. गिरिधरचं नाव आलं तेव्हा चंपतरावांच्या हातातून मुद्गल गळून पडला आणि त्यांनी स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायला सुरुवात केली.

रुपराव बुधवारी गेला. शुद्धीवर आलाच नाही. गिरिधर आला, एका डोळ्याने पाहू लागला, आणि त्याने पोलिसांना सगळं जसंच्या तसं सांगितलं.

जमादाराने मधुकररावांचा जबाब घेतला. ते म्हणाले, जसं लिहिलं तसं वाचायचं असा ठराव होता, मी तसं वाचलं. जमादाराने लिहून घेतलं, त्यांनी खाली सही केली. मार्तंड दवाखान्यात प्लास्टरमध्ये होता. त्याने सांगितलं, चूक माझी, मी वर लिहिलं. लोकांना ते पटलं. वर लिहिलं म्हणूनच झालं, मास्तर तर आधीपासून सांगत होते. चौकात माणसं मधुकररावांना नमस्कार करू लागली, आणि ते तो नमस्कार घेत राहिले. कोणालाही त्यांनी सांगितलं नाही की मी थांबलो होतो. काही सांगायची गरजच नव्हती, अख्ख्या मोहल्ल्याने ते पाहिलं होतं. फक्त काहून थांबलो हे त्यांना एकट्यांना ठाऊक होतं.

पंधराएक दिवसांनी मनकर्णा कुहीहून आली. लेकरू छातीशी, सोबत म्हातारी आई. ती वाचनालयाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "मले त्यायनं लिहिलेलं वाचून दाखवा, मास्तर."

पोलिसांनी वही नेली होती. पण मधुकररावांना त्या चार ओळी पाठ होत्या, झोपेतही पाठ होत्या. त्यांनी आधी रुपरावचं म्हणून दाखवलं, मग चिठ्ठीतलं. तिने डोळ्यांत पाणी न आणता ऐकून घेतलं. लेकराच्या तोंडावरची माशी हाकलली.

"तुमाले ठाऊक होतं न, खाली काय लिहिलं हाय ते?"

"हो."

"लोक म्हणते, दोन वाक्य वाचून तुम्ही थांबले. चष्मा पुसत बसले."

"हो."

"काहून थांबले?"

मधुकररावांनी दाराकडे पाहिलं. ठराव, नियम, चिठ्ठी वर होती, सगळं जिभेवर तयार होतं. जमादाराला दिलं होतं तेच. पण बाईसमोर ते निघालं नाही.

"लोकांनी मार्तंडाला हसावं म्हणून."

मनकर्णेला बहुधा ते लगेच समजलं नाही. तिने पदर सावरला, लेकरू दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मंग, हसले का कोणी?"

मधुकररावांनी नाही म्हणून मान हलवली.